सत्तेचाळीस नंबरचा हत्ती

निरीक्षकांनी बरोबरी मागायचं ठरवलं तो सोमवार होता आणि प्रत्यक्षात मागितली तो पुढच्या आठवड्यातला शुक्रवार. मधल्या दिवसांत त्या घरात कोणी धड जेवलं नाही. घरात माणसं दोनच, निरीक्षक आणि त्यांची बायको. पटावरचे दोन राजे धरले तर चार.

निरीक्षक म्हणजे वजनमापांचे निरीक्षक. बाजारातल्या तराजूंवर शिक्के मारण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी भाजीवाल्याकडे गेले की त्यांची नजर आधी काट्यावर जाई आणि मग वांग्यांवर. एकुलती एक लेक गेल्या वर्षी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. बसने सहा तासांचा रस्ता. तिच्या घरी उठसूट फोन करणं निरीक्षकांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दुसऱ्याच्या घरात फोन वाजवायचा तर त्याला कारण हवं, आणि आठवण येते हे काही कारण नव्हे, असं त्यांचं मत होतं. लग्नाच्या बोलणीच्या वेळी त्यांना व्याह्यांच्या कपाटावर बुद्धिबळाचा पट दिसला होता. ते कारण त्यांनी उचललं.

व्याही कापडगिरणीतले निवृत्त जॉबर, म्हणजे मागवाल्यांवरचे मुकादम. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना फोनवर काही ऐकू येत नसे. म्हणून खेळी सांगायची ती लेकीला, आणि लेकीने ती सासऱ्यांच्या पटावर मांडायची. एक दिवस यांची खेळी जाई, दुसऱ्या दिवशी त्यांची येई. निरीक्षकांनी चौसष्ट घरांना एक ते चौसष्ट क्रमांक घालून दिले होते, त्यामुळे बोलण्यात पाल्हाळ नसे. पहिल्या दिवशी लेक "बाबा, तेरा ते एकोणतीस" म्हणाली, म्हणजे सासऱ्यांनी वजिराशेजारच्या राजाचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. सकाळी आठला फोन, दोन मिनिटांत खाली. तळमजल्यावरच्या शिंप्याला पुष्कळ दिवस वाटे की निरीक्षक कपड्याची मापं सांगताहेत, आणि ती दुसऱ्या शिंप्याला.

डाव मांडला त्याच दिवशी निरीक्षकांनी लेकीला बजावलं होतं की हा एकच डाव. तो संपला की रोजचा फोन बंद. लोकांच्या घरी वर्षानुवर्षं फोन करत राहणं बरं दिसत नाही. लेक "बरं" म्हणाली होती.

आता बायकोचं. लेक सासरी गेली त्या दिवसापासून तिने एक नेम धरला होता. रोज सकाळी सव्वासात ते सव्वाआठ मौन, लेकीच्या सुखासाठी. फोन आठचा. म्हणजे जिच्यासाठी मौन, तिच्याशीच बोलता येत नसे. वेळ बदलायचं दोघांच्याही मनात आलं नाही असं नाही. पण नेमाच्या वेळा माणसाच्या सोयीने ठरत नसतात असं तिचं म्हणणं, आणि फोनच्या वेळा दुसऱ्याच्या घराच्या सोयीने ठरतात असं यांचं. म्हणून ती रिसीव्हरच्या दुसऱ्या बाजूला कान लावून उभी राही, हातात पाटी. पाटीवर 'जेवते ना वेळेवर?' किंवा 'आवाज का बसलाय?' असं लिहून नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरी. निरीक्षक ते वाचत, घसा साफ करत आणि विचारत, "तिकडे सर्व ठीक?" लेक म्हणे, "ठीक, बाबा." पाटी पुसली जाई.

तर बरोबरी. त्या सोमवारी निरीक्षकांनी पट चारही बाजूंनी फिरून पाहिला. तुमच्याकडे पाच प्यादी, आमच्याकडे पाच. तुमचा एक हत्ती, आमचा एक. तुमचा उंट, आमचा घोडा. काटा मध्यावर येऊन थांबला होता. काटा थांबला की वजन करणाऱ्याने हात काढून घ्यायचा, हे त्यांनी चौतीस वर्षं लोकांना सांगितलं होतं. थांबलेल्या काट्यावरही डाव रेटायचा म्हणजे पारड्याला अंगठा लावून बसण्यासारखं होतं. बरोबरी मागणं हे कर्तव्यच होतं. फक्त ती मागितली आणि मिळाली, तर दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठ वाजता फोनपाशी उभं राहायला काही कारण उरणार नव्हतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नीटसं सांगितलं नाही. बाहेर ते एवढंच म्हणत होते की प्रस्तावाला योग्य वेळ साधावी लागते.

योग्य वेळ कोणती, याबद्दल शेजाराला मतं होती. वरच्या मजल्यावरचे शिरस्तेदार कोर्टातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे नियमांचं पुस्तक होतं आणि ते घेऊनच ते जिना उतरले. प्रस्ताव आपली खेळी करून मगच द्यायचा, तोंडी दिला तरी चालतो, समोरच्याने उत्तर न देता पुढची खेळी केली तर तो नाकारला असं समजायचं, आणि एकदा नाकारला की समोरच्याने मागेपर्यंत आपण पुन्हा तोंड उघडायचं नाही. "हा शिष्टाचार झाला," शिरस्तेदार म्हणाले, "आणि जो आधी मागतो तो घाबरला असा अर्थ लोक काढतात. हा व्यवहार झाला." शिंप्याला बुद्धिबळातलं काही कळत नव्हतं, पण व्याह्यांतलं कळत होतं, कारण त्याच्या तीन मुली दिलेल्या होत्या. त्याच्या मते मुलीच्या बापाने जिंकू नये, फार हरूही नये, बरोबरीसारखं चांगलं काही नाही. पण ती त्यांनी दिली पाहिजे, आपण मागितली की आयुष्यभर मागितलेली राहते.

निरीक्षकांनी दोघांचंही ऐकलं आणि मग देवाचं नाव घेऊन शुक्रवारी आपली खेळी सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाले, "आणि मामंजींना सांग, बरोबरी मान्य असेल तर तसं कळवा."

"सांगते, बाबा," लेक म्हणाली.

शनिवारी आठ वाजता निरीक्षक इस्त्रीचा सदरा घालून फोनपाशी उभे होते. लेक म्हणाली, "बाबा, नऊ ते सतरा."

"आणि त्याचं?"

"त्याचं काही नाही, बाबा."

शिरस्तेदारांनी निकाल वाचून दाखवावा तसं सांगितलं की दावा फेटाळला. निरीक्षकांना अपमान वाटला. भल्या माणसाने हो म्हणावं, नाही म्हणावं. कोपऱ्यातलं एक यःकश्चित प्यादं एक घर पुढे सरकवून उत्तर द्यायचं ही काय रीत झाली. दिवसभर ते हेच बोलत होते. मात्र त्या दुपारी त्यांनी दोनदा भात मागून घेतला, हे बायकोने पाहिलं आणि मौन नसतानाही ती काही बोलली नाही.

पुढचा महिनाभर डाव रीतसर चालला. आणि मग निरीक्षकांच्या हातून ते घडलं. तीन तास विचार करून त्यांनी आपला हत्ती सत्तेचाळीस नंबरच्या घरात नेला, फोनवर तसं सांगितलं, रिसीव्हर ठेवला, आणि ठेवता ठेवता त्यांना अकरा नंबरच्या घरातला व्याह्यांचा उंट दिसला. तो उंट तिथे इतके दिवस बसून होता की त्यांना तो खोलीतल्या कपाटासारखा वाटू लागला होता. अकरा ते सत्तेचाळीस, तिरपी रेघ, वाटेत एक प्यादं नाही. उंटाने नुसतं सरळ चालत येऊन हत्ती उचलायचा होता.

ती रात्र त्यांनी हरण्याची तयारी करण्यात घालवली. सकाळी लेक म्हणाली, "सोळा ते चोवीस."

निरीक्षकांनी दोनदा विचारलं. सोळा ते चोवीसच. दुसऱ्या कोपऱ्यातलं प्यादं. हत्तीला हातही लावला नव्हता.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल की पुढच्या खेळीत हत्ती मुकाट्याने बाजूला घ्यावा. बायको तसंच म्हणाली. पण निरीक्षकांच्या नोकरीत एकदा एका किराणावाल्याने त्यांच्या पिशवीत मूठभर साखर जास्त टाकली होती, तेव्हा त्यांनी ती भर बाजारात परत मोजून दिली होती. मापात मिळालेली सूट म्हणजे लाच. व्याह्यांना हत्ती दिसला नाही असं होणं शक्य नव्हतं. त्यांनी तो सोडला होता. मुलीचा बाप म्हणून दया दाखवली होती. हत्ती हलवला तर ती दया पदरात घेतली असं झालं असतं. म्हणून निरीक्षकांनी घोडा हलवला आणि हत्ती तिथेच ठेवला. घ्यायचा तर घ्या.

व्याह्यांनी घेतला नाही.

असे पंधरा दिवस गेले. हत्ती सत्तेचाळिसात उभा. बायको पट पुसताना त्याच्याभोवतीने फडकं फिरवी. शिंपी मुद्दाम वर येऊन त्याला पाहून गेला आणि म्हणाला की माणसं मोठ्या मनाची आहेत, पोरगी सुखात आहे. निरीक्षकांना हे वाक्य फार लागलं. शिरस्तेदार तर हळहळलेच. "दयेचा अर्ज तुम्ही केलेला नसताना दया मंजूर झाली आहे," ते म्हणाले. "याच्यावर अपीलही नाही."

अपील नसलं तरी पत्र होतं. निरीक्षकांनी जुन्या कार्यालयीन धाटणीत लिहिलं: 'विषय: बरोबरीबाबत. महोदय, आमचा हत्ती गेले पंधरा दिवस आपल्या उंटाच्या माऱ्यात उभा असून तो न मारण्याचे कारण समजत नाही. तरी कृपया सदर हत्ती ताब्यात घ्यावा, अथवा पूर्वी सादर केलेला बरोबरीचा प्रस्ताव मान्य करावा. सवलत स्वीकारता येत नाही. कळावे.' शिष्टाचाराप्रमाणे पुन्हा मागायची नव्हती हे खरं. पण शिरस्तेदारांनी शोधून काढलं की ही नवी मागणी नसून जुन्या मागणीचं स्मरणपत्र आहे, आणि स्मरणपत्राला मनाई कुठे लिहिलेली नाही.

पत्र रजिस्टर करायला ते पोस्टात गेले. खिडकीतल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं आणि निरीक्षकांनी ते उचलून घेतलं. काटा रिकामा असताना शून्यावर उभा राहत नव्हता. त्याच्यावरचा पडताळणीचा शिक्काही दोन वर्षांपूर्वीचा होता. अशा काट्यावर आपण काही तोलू देणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मागे अकरा माणसं होती. त्यांनी तितक्या शांतपणे ऐकलं नाही. पोस्टमास्तर बाहेर आले आणि म्हणाले की काट्याबद्दल काही असेल तर लेखी द्या. निरीक्षकांनी तिथेच बाकावर बसून लेखी दिलं. पोस्टमास्तरांनी ते वाचलं, कौतुक केलं, आणि सांगितलं की ही तक्रार आमच्याकडे देऊन उपयोग नाही, वरच्या कार्यालयाला रजिस्टरने पाठवावी लागेल. रजिस्टर करायचं तर तोलावं लागेल. त्या काट्यावर.

हा पेच दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी निरीक्षक निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेली पितळी वजनं घेऊन गेले, गुडघे टेकून त्यांनी काट्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, वजन ठेवून काटा जुळवला, आणि मगच दोन्ही पाकिटं तोलू दिली. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, एवढं काय आहे त्या पत्रात?" निरीक्षक म्हणाले, "हत्ती."

चार दिवसांनी पोचपावती आली. सही व्याह्यांची नव्हती. लेकीची होती, शाळेत असल्यापासूनच्या त्याच गोल अक्षरात. दुसऱ्या दिवशी आठ वाजता ती म्हणाली, "बाबा, सात ते आठ." राजा एक घर बाजूला. पत्राबद्दल काही नाही.

"पत्र पोचलं?"

"पोचलं, बाबा."

"दिलंस मामंजींना?"

मग लेक म्हणाली, "बाबा, दूध उतू जातंय," आणि फोन ठेवला.

निरीक्षकांनी रिसीव्हर ठेवला. पाटीवर बायकोने काही लिहिलं नव्हतं. सव्वाआठ झाल्यावर ती म्हणाली, "अहो, आपण जाऊन येऊ." तिची पिशवी इतक्या लवकर भरून झाली की ती बहुतेक वर्षभर भरलेलीच असावी.

रविवारी दुपारी एकच्या सुमाराला ते व्याह्यांच्या दारात उभे राहिले. दार लेकीने उघडलं. आईला पाहून तिचा चेहरा उजळला, आणि बाबांच्या हातातली पोचपावती पाहून उतरला. आईने तिला धरून आत नेलं. जावई रविवार असूनही कामावर होता. व्याही खिडकीपाशी पटासमोर बसले होते आणि गिरणीतल्या आवाजात म्हणाले, "या निरीक्षकसाहेब. बरे आलात. मी तुमच्यावर रागावलोय."

रागवायला आपण आलो होतो, हे निरीक्षक सांगणार होते. पण त्यांचं लक्ष पटाकडे गेलं. सत्तेचाळिसात हत्ती नव्हता. अकरात उंट नव्हता. पटावर दोन्ही वजीर होते, आणि त्यांच्या घरच्या पटावरून ते दोघेही कधीच गेले होते.

"हा कोणता डाव?" त्यांनी विचारलं. व्याह्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा, कधी नव्हे ते ओरडून विचारलं.

"आपला दुसरा," व्याही म्हणाले. "पहिला बरोबरीत सुटला नाही का? तुम्ही मागितलीत, मी त्याच दिवशी मान्य म्हणालो. ते बघा, कॅलेंडरवर लिहिलंय. दुसऱ्या दिवशी सूनबाई म्हणाली, बाबांना नवा डाव मांडायचाय. मला बरंच वाटलं. दिवसभर घरात बोलायला कोण असतं मला? पण हे काही बरोबर नाही, साहेब. दोनदा तुम्ही माझा वजीर मारायचा सोडलात. मी मुलाचा बाप म्हणून मला जिंकवताय का? मला असलं चालत नाही. खेळायचं तर खरं खेळा."

निरीक्षकांनी कॅलेंडरकडे पाहिलं. शुक्रवारच्या चौकोनात पेन्सिलीने 'बरोबरी' लिहिलं होतं आणि खाली एक रेघ ओढली होती. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. लेक तिथे उभी होती, ओल्या हातांनी, आणि तिच्या पाठीवर आईचा हात होता.

ती सात वर्षांची असताना त्यांनी तिला खेळ शिकवला होता. शिकली लवकर, पण मारायची नाही. समोर घोडा फुकट उभा असला तरी म्हणायची, बाबा, असू दे ना त्याला. त्यांनी तिला पुष्कळ समजावलं की असं खेळता येत नाही. शेवटी शिकवणं सोडून दिलं. आणि आता जवळजवळ दोन महिने ती रोज सकाळी दोन पटांमधे उभी राहून, इकडे सासरा होऊन बापाशी आणि तिकडे बाप होऊन सासऱ्याशी खेळत होती, आणि कोणालाच मारत नव्हती.

व्याही उत्तराची वाट पाहत होते. त्यांचे कान गेले होते, पण डोळे चांगले होते, आणि त्या डोळ्यांत खरंच दुखावल्याचं दिसत होतं. निरीक्षकांनी घसा साफ केला. आयुष्यात त्यांनी एकदाही खोट्या मापावर शिक्का मारला नव्हता.

"वजीर दिसला नाही मला," ते ओरडून म्हणाले. "वय झालं."

"मुद्दाम नाही ना?"

"मुद्दाम नाही."

व्याह्यांचा चेहरा मोकळा झाला. "मग ठीक. मला वाटलं, दया करताय." त्यांनी पट थोडा निरीक्षकांकडे सरकवला. "चष्मा बदला."

जेवणं झाल्यावर निरीक्षक मोरीपाशी गेले. लेक भांडी विसळत होती. त्यांनी पोचपावती काढून ओट्यावर ठेवली.

"पत्र कुठे आहे?"

"कपाटात. साड्यांखाली." तिने वर पाहिलं नाही. "डाव संपला की फोन बंद, असं तुम्हीच म्हणाला होता, बाबा."

ते म्हणाले होते. साक्षीदार म्हणून बायकोही मागेच उभी होती. निरीक्षकांनी एक ताट उचलून पुसायला घेतलं, ते दोन्ही बाजूंनी पुसलं, आणि मग जे विचारायला त्यांना वर्ष लागलं ते विचारलं.

"मागे तुझा आवाज बसला होता. सर्दी झाली होती का?"

लेक हसली का रडली ते तिथे उभ्या असलेल्या कोणालाच नक्की सांगता आलं नसतं. "ताप होता, बाबा," ती म्हणाली. "तीन दिवस."

मंगळवारी सकाळी निरीक्षकांच्या घरी टेबलावर दोन पट होते. दुसरा शिरस्तेदारांकडून मागून आणला होता. दोन पट कशाला, याचं कारण निरीक्षकांनी त्यांना दिलं नाही. कार्यालयीन बाब आहे, एवढंच म्हणाले. बायको त्या दिवशी रोजच्यापेक्षा तासभर आधी उठली होती. नेम तिने मोडला नाही. सव्वासहा ते सव्वासात मौन पाळलं, देवापुढे हात जोडले, पाटी धुऊन फळीवर उपडी ठेवली, आणि आठला पाच मिनिटं असताना ती फोनपाशी जाऊन बसली.

फोन लागला. निरीक्षकांनी हात पुढे केला तर रिसीव्हर बायकोच्या कानाला होता.

"चहा झाला का गं?" ती म्हणाली.

मग पंचवीस मिनिटं चहा झाला, तापाचे ते तीन दिवस झाले, केस गळतात त्याचं झालं, व्याह्यांच्या पथ्याचं झालं, जावयाच्या डब्याचं झालं. निरीक्षक खेळीचा कागद हातात घेऊन इस्त्रीच्या सदऱ्यात उभे राहिले. एकदा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

शेवटी रिसीव्हर त्यांच्याकडे आला.

"मामंजींच्या पटावरची माझी खेळी लिहून घे," ते म्हणाले. "आणि तिथे वजीर दिसला तर मारायचा, आता मी सांगतो तेच खेळायचं. झालं? आता माझ्या पटावरची तुझी सांग."

"बाबा, मारू?"

"मार. सवलत नको."

"अकरा ते सत्तेचाळीस," लेक म्हणाली.

निरीक्षकांनी आपल्या हाताने हत्ती उचलला आणि डब्यात ठेवला. मग पट नीट पाहिला. कुठल्याही काट्यावर तोलला असता तरी डाव आता त्यांच्या हातून गेलेला होता.

"आता बरोबरी मागाल?" लेकीने विचारलं.

"नाही," निरीक्षक म्हणाले. "आता मागणं शोभणार नाही. हरेन मी. पण सावकाश. दीड-दोन महिने तरी लागतील." हे सांगताना त्यांचा स्वर रजा मंजूर झालेल्या माणसासारखा होता. ते आणखी काही सांगणार होते, पण बायकोने पुन्हा हात पुढे केला होता. तिला डब्याच्या झाकणाचं एक विचारायचं राहिलं होतं.